बाळाची वेळ बदलायची असेल, तर आधी घराची बदला

वर्षाच्या लेकराला घड्याळ कळत नाही. त्याला उजेड कळतो, अंधार कळतो, भूक कळते, अम्मीचा वास आणि घरातला आवाज कळतो. रात्री साडेअकराला ट्यूबलाइट चालू आहे, मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ वाजतोय, अब्बा नुकतेच आलेत, दस्तरखान आत्ता अंथरला जातोय आणि चार माणसं मोठ्यानं बोलताहेत. त्या लेकराच्या लेखी ही रात्र नाहीच. ते जागं राहतं. मग सकाळी दहाला उठतं, उठल्या उठल्या बाटलीभर दूध पितं, दुपारी जेवायला तोंड उघडत नाही, संध्याकाळी पाचला झोपतं आणि रात्री पुन्हा ताजंतवानं. मग घरात एकच वाक्य फिरू लागतं : "इसकी माँ को बच्चा संभालना आताइच नै."

हा लेख त्या वाक्याविरुद्ध आहे.

मला ठाऊक आहे, लगेच विचारलं जाईल की सर, तुम्ही उर्दू-मराठीचे शिक्षक, हा बायकांचा विषय तुमच्या हातात कसा आला? उत्तर सोपं आहे. हा बायकांचा विषय मानला गेला, म्हणूनच तो बिघडला. माझ्या वर्गात पहिल्या तासाला डोळे चोळत बसणारी मुलं येतात. उपाशी येतात, किंवा कटिंग चहात खारी बुडवून येतात. पालकसभेत त्यांचे वडील सांगतात, "लहानपणापासूनच याची रात्रीची सवय आहे." लहानपणापासूनच, म्हणजे कधीपासून? आणि ही सवय त्याला लावली कुणी? फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारनं आदेश काढला, चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका, मुलांची झोप होत नाही. आदेश चांगला होता, मी त्याचं स्वागतच केलं. पण मुलं रात्री उशिरा का झोपतात, हा प्रश्न त्या आदेशानं शाळेकडून काढून घरापुढे ठेवला, आणि घरानं तो उचललाच नाही.

आता वर्षाच्या मुलाला लागतं तरी काय, ते आधी बघू. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यानुसार एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप हवी, दिवसाची झोप त्यात धरून. आणि वर्षाच्या मुलाला स्क्रीन नको. थोडा वेळ चालेल असं नाही, नकोच. खाण्याचं म्हणाल, तर आईचं दूध चालू असलं तरी दिवसातून ३ ते ४ वेळा घट्ट अन्न आणि भुकेप्रमाणे एक-दोनदा मधलं खाणं. एका वेळी पाऊण ते एक वाटी, वाटी म्हणजे साधारण २५० मिलिलिटरची. हे आकडे काही चैनीचे नाहीत. तरीही २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, ६ ते २३ महिन्यांच्या भारतीय मुलांपैकी फक्त ११.३ टक्के मुलांना पुरेसा आहार मिळत असल्याचं आढळलं. पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ६७.१ टक्के रक्तक्षयी निघाली. म्हणजे शंभरातल्या ८८ मुलांच्या अम्मींना मूल सांभाळता येत नाही? इतक्या सगळ्या बायका एकाच वेळी नालायक असू शकत नाहीत. दोष दुसरीकडे शोधला पाहिजे.

पहिला घोळ होतो तो भुकेबद्दल. पहिल्या वर्षात मूल झपाट्यानं वाढतं. तीन किलोचं जन्मलेलं बाळ वर्षाचं होताना नऊ किलोच्या आसपास जातं. दुसऱ्या वर्षात मात्र त्याचं वजन दोन-अडीच किलोच वाढतं. वाढीचा वेग कमी झाला की भूकही कमी होते, आणि कधी जास्त तर कधी कमी लागते. हे नैसर्गिक आहे. पण नेमकं याच वेळी घरात ओरड सुरू होते, "कुछ खाताइच नै!" मग नाक दाबून भरवणं, मोबाइल दाखवून भरवणं, घास घेऊन मागे मागे धावणं, आणि हे सगळं हरलं की बाटली. बाटलीनं पोट भरतं, म्हणून पुढच्या जेवणाला भूक नसते, म्हणून पुन्हा बाटली. रात्री ती तोंडात धरून झोप, म्हणून दात किडतात. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी यावर साधी वाटणी सांगितली आहे : काय, कधी आणि कुठे द्यायचं ते मोठ्यांनी ठरवावं, किती खायचं, खायचं की नाही, ते मुलानं. आपल्या घरात नेमकं उलट होतं. किती खायचं ते दादी ठरवते आणि काय खायचं ते मूल रडून ठरवतं.

दुसरा घोळ ताटातला आहे, आणि तो खास आपल्या घरांतला म्हणून स्पष्ट बोलतो. आपल्याकडे गोश्त शिजतं. पण वर्षाच्या बाळाच्या वाट्याला काय येतं? शोरबा. शोरब्यात पाव बुडवून. "बोटी उसको हजम नै होती." शोरब्यात चव असते, मीठ-तिखट असतं, पण लोह आणि प्रथिनं बहुतेक बोटीतच राहतात, आणि ती बोटी मोठे खातात. नीट शिजवून कुस्करलेला खिमा, काटे काढलेला मासा, पूर्ण उकडलेलं अंडं, आठवड्यातून एखादवेळ चमचा-दोन चमचे कलेजी, हे सहा महिन्यांपुढचं मूल खाऊ शकतं आणि त्यानं खायलाच हवं. जिथे गोश्त रोज परवडत नाही तिथे डाळ, मटकी, हरभऱ्याचं मऊ पिठलं, वर लिंबाचे दोन थेंब. लिंबानं लोह अंगी लागतं. चहा मात्र उलटं करतो, अन्नातलं लोह शरीराला घेऊ देत नाही. तरीही आपल्या वस्त्यांत वर्षाच्या मुलाचा नाश्ता म्हणजे बशीतला चहा आणि त्यात विरघळलेलं बिस्किट. वरून दिवसभर दूध. गाईचं किंवा म्हशीचं दूध या वयात दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत ठेवावं. त्याहून जास्त दिलं तर मूल गुबगुबीत दिसेल, पण रक्तानं फिकं होईल. "दूध पीता ना, बस है" हे वाक्य प्रेमाचं आहे, पण चुकीचं आहे.

तिसरा घोळ झोपेचा. वर्षाच्या बहुतेक मुलांना दिवसा दोन झोपा लागतात. साधारण पंधराव्या ते अठराव्या महिन्यात दोनाची एक होते, काहींची थोडी आधी. पण घरातली कामं उरकावीत म्हणून, किंवा "दिवसा जागं ठेवलं की रात्री झोपेल" या समजुतीनं, सकाळची झोप अकराव्या-बाराव्या महिन्यातच मोडली जाते. अतिदमलेलं मूल लवकर झोपत नाही, ते किरकिरतं, रात्री दचकून उठतं. उलट संध्याकाळी पाचनंतर लागलेली लांब झोप रात्र खाते. बदलायचं असेल तर हळूहळू बदला. सकाळची उठण्याची वेळ आधी पक्की करा, मग रात्रीची झोप दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणा. दहा-पंधरा दिवसांत फरक दिसतो. पण हा बदल एकटी अम्मी करू शकत नाही, आणि माझं भांडण इथेच आहे. साडेआठला ती बाळाला घेऊन आतल्या कोपऱ्यात गेली, आणि बाहेर टीव्हीचा आवाज तसाच, दिवा तसाच, नऊला अब्बा येऊन "सो गया क्या मेरा शेर?" म्हणत उचलून हवेत उडवणार, तर तिनं करायचं काय?

आता दीनची गोष्ट बोलतो, कारण या विषयात ती आपण रोज वापरतो, तीही अर्धी. सुनेनं वर्षाच्या आत दूध तोडायचं म्हटलं, किंवा कामावर जाते म्हणून दूध कमी झालं, की लगेच सांगितलं जातं, कुरआनमध्ये दोन वर्षं सांगितली आहेत. खरं आहे. सूरह बकराच्या २३३ व्या आयतीत आहे. पण ती आयत तिथे संपत नाही. त्याच आयतीत, जी मुदत पूर्ण करू इच्छितात त्यांच्यासाठी ही दोन वर्षं आहेत, असं आहे. त्याच आयतीत आईच्या खाण्या-कपड्याची जबाबदारी बापावर टाकली आहे. कुणावरही त्याच्या ताकदीबाहेरचं ओझं टाकू नये, मुलाच्या कारणानं आईला त्रास होऊ नये, असं आहे. आणि दूध तोडायचं असेल तर दोघांच्या राजीखुशीनं, सल्ल्यानं तोडलं तर गुनाह नाही, असंही त्याच आयतीत आहे. तिथे सल्ल्यासाठी जो शब्द आला आहे तो 'तशावुर'. उर्दूतला मशवरा, मुशावरत, मजलिस-ए-शूरा हे सगळे त्याच धातूचे. म्हणजे बाळाच्या दूध-खाण्याचा निर्णय ही आईबापांच्या दोन माणसांच्या शूरेची गोष्ट आहे. आम्ही मोहल्ल्याच्या गटारीसाठी मुशावरत करतो, मशिदीच्या पंख्यांसाठी करतो. बाळ दूध कधी पिणार आणि कधी जेवणार, यावर बायकोशी कधी केली? दोन वर्षांचा आकडा सुनेला ऐकवणाऱ्यानं त्याच आयतीतला बापाचा हिस्साही मुलाला ऐकवावा.

हदीसमध्येही आहे. नमाज पढवताना मागे एखादं बाळ रडू लागलं, तर त्याच्या आईला त्रास होऊ नये म्हणून रसूलुल्लाह (स.) नमाज आटोपती घेत. जमातीच्या नमाजची लांबी बाळाच्या रडण्यावरून बदलली जात होती. आणि आमच्या घरात बाळाच्या झोपेसाठी क्रिकेटची मॅच म्यूट होत नाही. इशानंतर गप्पा मारत बसणं त्यांना पसंत नव्हतं, हेही बुखारीत आहे. आमच्या नाक्यांवर, हॉटेलांत, घरातल्या बैठकीत इशानंतरच खरी रात्र सुरू होते. सुन्नत म्हणून दाढीची लांबी मोजणाऱ्यांनी कधी ही सुन्नतही मोजावी.

यावर तीन आक्षेप येतील. पहिला, "आम्हीही असेच वाढलो, काय बिघडलं?" जे वाढले ते बोलायला उरले. रक्तक्षयानं ज्यांचं लक्ष वर्गात लागलं नाही, जे सातवीत शाळा सोडून गेले, ते या चर्चेत नाहीत. आणि तुम्ही वाढलात तेव्हा रात्री नऊला वीज जायची, टीव्हीवर एकच चॅनल होतं आणि खिशात मोबाइल नव्हता. तेव्हा अंधार फुकट मिळत होता, आज तो करावा लागतो.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे, आणि त्याला मी हसण्यावारी नेणार नाही. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीत बाप पॉवरलूमवर बारा-बारा तासांची पाळी करतो. एका आठवड्याला दिवसपाळी, दुसऱ्याला रातपाळी. भिंतीपलीकडे लूमची खटखट चालूच. घर म्हणजे दहा बाय दहाची एक खोली, त्यात सहा माणसं. अम्मी घरीच नगावर शिलाई करते, धागे तोडते, बटणं लावते. माल सकाळी द्यायचा असतो म्हणून रात्री जागते. तिला "बाळाला सातला अंधाऱ्या खोलीत एकटं झोपवा" असं सांगणारं इंग्रजी ॲप म्हणजे निव्वळ थट्टा आहे. कुठली खोली? मी त्या ॲपच्या बाजूनं बोलत नाही. घड्याळाचे काटे या घराला लागू होत नाहीत, पण क्रम लागू होतो. झोपेआधी रोज त्याच क्रमानं तीच चार कामं : जेवण, तोंड-हात-पाय धुणं, दिवा मंद, एक लोरी किंवा दुआ. बाळ वेळ ओळखत नाही, पण क्रम ओळखतं. खोली एकच असेल तर बाळाच्या बाजूला दुपट्टा टांगता येतो, मोबाइलला कानात लावायची वायर दहा-वीस मिनिटांत मिळते, आणि मोठ्यांचं जेवण अर्धा तास आधी नाहीतर नंतर होऊ शकतं. लूमचा आवाज एकसारखा असतो, त्याला मूल सरावतं. मध्येच उठणाऱ्या माणसांच्या आरोळीला ते सरावत नाही.

तिसरा आक्षेप, "मग सरकार काय करतं?" हा आक्षेप मला मान्य आहे, फक्त तो घरातल्या कामाची सबब म्हणून नको. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार मिळण्याचा हक्क आहे, वजन-उंची मोजून घेण्याचा हक्क आहे. आपल्या किती घरांत बाळाचं कार्ड भरलेलं आहे? २०१७ च्या दुरुस्तीनंतर प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली, पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत पाळणाघर सक्तीचं झालं, आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा मिळाली. पण घरी बसून नगावर शिवणारी बाई या कायद्यात कुठेच बसत नाही. तिचं मूल शिलाई मशीनच्या पायाशी वाढतं. दाट वस्तीत पाळणाघर मागणं हा आपल्या नगरसेवकापुढचा प्रश्न व्हायला हवा. आजवर तो झालेला नाही, कारण तो मागायला पुरुषांना सुचलं नाही. आणि आणखी एक कायदा आहे, १९९२ चा, २००३ मध्ये आणखी कडक झालेला : दोन वर्षांखालच्या मुलांसाठीच्या दूधपावडरीची, डब्यातल्या आहाराची आणि दूध पाजायच्या बाटलीची जाहिरातच करता येत नाही. सरकारला बाटली इतकी धोक्याची वाटते, आणि आपण अकीक्याच्या दावतीत बाटल्यांचा सेट भेट देतो.

रमजानबद्दल एक वेगळा परिच्छेद लागेलच, कारण वर्षभर बसवलेली घडी त्या महिन्यात मोडते. सहरीला सगळं घर उठतं, तरावीहनंतर बाजार जागतो, आणि बाळ कडेवर घेऊन आपण बारा वाजता खरेदी करतो. बाळावर रोजा फर्ज नाही, रतजगाही नाही. त्याची झोपायची जागा सहरीच्या आवाजापासून जितकी दूर ठेवता येईल तितकी ठेवा, त्याचं जेवण इफ्तारच्या आधी उरका, आणि रात्रीच्या बाजारात त्याला नेऊ नका. दूध पाजणाऱ्या आईला स्वतःच्या किंवा बाळाच्या तब्येतीची भीती असेल तर रोजा पुढे ढकलून नंतर कजा करण्याची रुखसत आहे. ती रुखसत घेणाऱ्या सुनेकडे टोमण्याच्या नजरेनं बघणारी सास दीन पाळत नसते, हट्ट पाळत असते.

मग करायचं काय? आपल्याकडे एक सोय आहे जी इतरांकडे नाही. दिवसाला पाच खुंट्या आधीच ठोकलेल्या आहेत. फजरनंतर घर जागं असतंच. खिडकी उघडा, उजेड आत येऊ द्या, बाळही सूर्याबरोबर उठेल. उठल्यावर आईचं दूध, आणि आठच्या सुमारास चहा-बिस्किटाऐवजी अंडं, नाचणी किंवा मऊ पोळी-दूध. साडेनऊ-दहाला पहिली झोप. जुहरच्या सुमारास पूर्ण जेवण, खिचडी किंवा वरण-भात, त्यात कुस्करलेली बोटी किंवा भाजी. मग दुसरी झोप, मोठ्यांच्या कैलुल्याबरोबर. असरला केळं किंवा बी काढून ठेचलेला खजूर, आणि बाहेर मोकळ्या हवेत खेळणं. मगरिबला रात्रीचं जेवण. इशाला दिवा मंद, आवाज बंद. जेवण आधी, दूध नंतर, आणि दोन्हींत तास-दीड तासाचं अंतर. रात्री उठलं तर पाणी किंवा थोपटणं. आईला पाजायचं असेल तर पाजू द्या, तो तिचा आणि बाळाचा प्रश्न आहे. मूल सलग काही दिवस काहीच खात नसेल, वजन थांबलं असेल किंवा फिकट दिसत असेल, तर तावीजाआधी बालरोगतज्ज्ञ.

आणि यातला अर्धा भाग पुरुषांचा. रात्रीचं भरवणं किंवा झोपवणं यांपैकी एक काम बापानं घ्यावं, रोज, मेहेरबानी म्हणून नाही. दिवसपाळी असेल तर रात्रीचं, रातपाळी असेल तर सकाळचं. घरात दादा-चाचा असतील तर इशानंतर टीव्ही बंद करण्याचा हुकूम त्यांनी द्यावा. सुनेचा हुकूम घर ऐकत नाही, त्यांचा ऐकतं. इमाम साहेबांना माझी विनंती आहे, एका जुम्याला बकराची २३३ वी आयत पूर्ण समजावून सांगा, खालच्या हॉलमध्ये बसलेल्या बापांना. आणि सासवांना हात जोडून एवढंच, की पुढच्या वेळी मूल रात्री बाराला जागं दिसलं तर सुनेला हाक मारण्याआधी घरातले दिवे मोजा.